तिन्ही लोकांत वसणारा

नलूआत्या खोटं बोलते, हे लालबागच्या तिच्या बिल्डिंगीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कुणाची फारशी तक्रार नाही. कुणाचं वाईट व्हावं म्हणून ती खोटं बोलत नाही. समोरच्याचं पडलेलं तोंड तिला बघवत नाही, इतकंच. तिच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी स्वतःच्या वाढदिवसाला गाणं म्हटलं, तेव्हा जमलेल्यांनी माना खाली घातल्या, आणि ही बया म्हणाली, "मास्तर, तुमचा गळा रेडिओवाल्यांच्या हाती लागला कसा नाही?" तेव्हापासून मास्तर रोज संध्याकाळी दार सताड उघडं टाकून गातात. शेजारीपाजारी नलूआत्याच्या नावाने बोटं मोडतात आणि मास्तरांची बायको तिला दर संकष्टीला मोदक पाठवते.

वय सत्तरीपुढचं, अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. लग्न केलं नाही. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेला, तोही चौकशीच्या टेबलावर. त्या काळी कुणाचा नंबर हवा असला की लोक चौकशीला फोन लावून नाव सांगायचे आणि पलीकडून नलू जाडजूड डिरेक्टरीत बोट फिरवून नंबर द्यायची. दिवसभर कानात नुसती नावं. एकेका आडनावाखाली सुरेश-रमेशांच्या रांगा तिने पाहिल्या, मग संजय-राजेशांच्या पाहिल्या. पुढे त्यांना मुलं झाली आणि अख्खी मुंबई एकाएकी अर्णव होऊन बसली. तिच्या टॉवरखाली कुणी "अर्णव!" म्हणून हाक मारली की वेगवेगळ्या मजल्यांवरून तीन डोकी बाहेर येतात. त्यातल्या दोघांची नावं नलूआत्यानेच ठेवली आहेत, त्यामुळे तिला याबाबत तोंड उघडता येत नाही.

ती दुसऱ्यांच्या मुलांची नावं का ठेवते, हेही सांगायला हवं. हल्ली घरटी एकच मूल. त्यामुळे आत्या ही जमातच मुंबईतून नामशेष व्हायला लागली आहे. बाळाच्या बापाला बहीणच नसते, मग पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं कुणी? अशा वेळी खालचे, वरचे, समोरच्या विंगमधले लोक नलूआत्याकडे येतात. ती इस्त्रीची साडी नेसून जाते, कानात नाव सांगते, बर्फी खाते आणि बाळ बापासारखं दिसतं असं बापाला आणि आईसारखं दिसतं असं आईला सांगून घरी येते. ही सगळी उसनवारीची आत्यागिरी. हक्काची तिने एकदाच केली होती, भावाच्या मुलाच्या वेळी. माधवच्या मुलाचं वरद हे नाव तिनेच सुचवलं, तिनेच कानात सांगितलं. आता त्या वरदला मुलगा झाला होता. वरदला बहीण नाही, आई त्याच्या लग्नाआधीच गेलेली. म्हणजे पाळण्याशी वाकायचा मान पुन्हा नलूआत्याचा, आणि बारसं व्हायच्या आधी दोन महिन्यांपासून ती मनातल्या मनात नावं घोळवत बसली होती.

मग एका रविवारी वरद आणि त्याची बायको वैदेही दादरहून बाळाला घेऊन आले आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत वरद म्हणाला, "आत्या, नाव फायनल झालंय. तुला फक्त कानात सांगायचंय. नो टेन्शन."

त्या 'फक्त'ने नलूआत्याचा चहा कडू झाला. वैदेहीने मोबाइल काढला. नाव शोधायला म्हणे त्यांना तीन आठवडे लागले होते. नाव छोटं हवं, इंग्रजीत लिहिताना फाटे फुटायला नकोत, अमेरिकेतल्या माणसाच्या जिभेवर बसायला हवं, अर्थ भारी हवा, आणि मुख्य म्हणजे वर्गात दुसऱ्या कुणाचं असायला नको.

"ऐका हं आत्या," वैदेही वाचू लागली. "नाव, तिवस. अर्थ, तिन्ही लोकांत वसणारा. मूळ, संस्कृत. लोकप्रियता, अत्यंत दुर्मिळ."

नलूआत्याने कप बशीत ठेवला.

"कसं वाटतंय?" वरदने विचारलं.

"दुर्मिळ तर आहेच बाबा," ती म्हणाली.

किती दुर्मिळ, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या माहितीत तिवस नावाचा एकच माणूस मुंबईत होता. तो माहीमला खाडीजवळ राहत होता, कोळ्याच्या पोटी जन्म घेऊन मासे खात नव्हता, आणि त्याचं नाव नलूआत्यानेच ठेवलं होतं. तिन्ही लोकांत वसणारा हा अर्थही तिचाच. तो तिने टेलिफोन खात्याच्या कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, सुरमईचा काटा काढता काढता रचला होता.

पण नाव खोटं नव्हतं. नलूआत्याचे वडील दौलतराव रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. सकाळी सायकलवरून जायचे, संध्याकाळी शर्टावर भुसा घेऊन परतायचे. घरात जेवताना गप्पा लाकडांच्याच. साग कुठून आला, खैराला भाव काय चालू आहे, ऐन आणि किंजळ यांत गिऱ्हाईक कसं फसतं. माणसांनाही लाकडांची नावं द्यायची त्यांना खोड होती. घरमालक म्हणजे बाभूळ. शेजारचे वकील म्हणजे आंबा, पावसाळ्यात फुगणारा.

नलूला एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा सरकारी नोकरीतला. पोहे खाता खाता म्हणाला, "लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल." नलूने सरळ विचारलं, "तुम्हाला की मला?" मुलगा पोहे अर्धे टाकून उठला. आईने पदर डोळ्यांना लावला, मावशीने मोडेन पण वाकणार नाही अशा पोरींचं पुढे काय होतं ते साग्रसंगीत सांगितलं. दौलतराव शांतपणे मुलाचे उरलेले पोहे आपल्या बशीत ओतून घेत म्हणाले, "मोडेन पण वाकणार नाही असं ज्याने म्हटलं, त्याने कधी लाकूड विकलं नसणार. मोडतं ते सरपण. चांगलं लाकूड वाकतं आणि परत सरळ होतं. तिवस बघा. दिसायला काय आहे त्यात? पण कुऱ्हाडीला दांडा घाला नाहीतर बैलगाडीला धुरा घाला, चिवट. आमची नलू तिवस आहे."

तेव्हापासून ते तिला तिवस म्हणू लागले. 'तिवस, चहा कर.' 'तिवस, छत्री ने.' दौलतराव गेले आणि त्यांच्यामागे त्या नावाने हाक मारायला कुणी उरलं नाही.

त्याच सुमाराला चौकशीच्या टेबलावर तिच्या शेजारी बसणाऱ्या तुळसाला दिवस गेले. तुळसा माहीमच्या कोळीवाड्यातली, नवरा उत्तम स्वतःच्या होडीवर. तिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. एकाचं नाव सासऱ्यांवरून बुधाजी ठेवलं होतं, दुसऱ्याचं आजेसासऱ्यांवरून रामजी. तुळसा म्हणाली, "नलू, मना असा नाव दे गो, जा कुठल्याच मेलेल्या माणसाचा नसंल." नलूने फार विचार केला नाही. आपल्याला मूल होणार नाही हे तिला तेव्हा कळून चुकलं होतं, आणि बाबांचं नाव तिच्यापाशी पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी आलेलं बरं, असं तिला वाटलं. तिने ते देऊन टाकलं. तुळसा खूश झाली, पण तिची सासू अडून बसली की नावात देव हवा. मग नलूने कँटीनमध्ये बसून ति म्हणजे तीन, वस म्हणजे वसणारा, असं जुळवून दिलं. सारं टेबल माना डोलावू लागलं. सासूने हात जोडले. मुलगा जगला, धट्टाकट्टा झाला, आता बँकेत आहे.

आणि तेच नाव आज तिच्या बाबांच्या पणतवासाठी मोबाइलवरून परत तिच्याच दारात आलं होतं. तिला मनापासून आनंद झाला. खरं सांगून टाकावं असं क्षणभर वाटलंही. पण वैदेही मोबाइल छातीशी धरून इतक्या आशेने बघत होती की नलूआत्या म्हणाली, "अर्थ तर फारच छान आहे. नाव ऐकल्याबरोबर वाटतं, काहीतरी वैदिक आहे."

ती दोघं गेल्यावर तिने दार लावलं, साखर मना असूनही दोन पेढे खाल्ले आणि तुळसाला फोन लावला.

"काय गो, तुझ्या पोराचं नाव नेटवर आलंय!"

"त्यानंच टाकलंय," तुळसा म्हणाली. "जो तो विचारायचा, अर्थ काय, अर्थ काय. कंटाळला. मग टाकला वेबसाइटवर."

"अगं, पण अर्थ खोटा आहे हे त्याला सांगितलं नाहीस का?"

"सांगितला ना! तर मना म्हणतो, आई, लाकूड कोण लाइक करणार?"

नलूआत्या इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. पण हे हसू दुसऱ्याच दिवशी मावळलं, कारण सकाळी दारात माधव उभा. तिचा धाकटा भाऊ, बँकेतून निवृत्त झालेला, एरवी फोन केल्याशिवाय पाऊल न टाकणारा. चप्पल नीट न काढताच तो आत आला.

"ताई, तिवस हे लाकूड आहे."

"हो का?"

"हो का काय? बाबा तुला म्हणायचे! मी काय तेव्हा घरात नव्हतो? आणि हे दोघं मला मोबाइल दाखवतात, तिन्ही लोक म्हणे. मी सांगितलं, लाकडं मसणात जातात, पाळण्यात नाही."

"मग पाळणा कशाचा असतो रे? थर्माकोलचा?"

माधव हसला नाही. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून राहिला. त्याच्या मनात नातवाचं नाव दौलत ठेवायचं होतं. वरदला त्याने तसं सांगितलंही होतं. वरद म्हणाला होता, "बाबा, ते एखाद्या बँकेच्या स्कीमसारखं वाटतं." हे सांगून माधव पुढे झुकला.

"ताई, तू आत्या आहेस. कानात तू काय सांगतेस ते कुणाला ऐकू येतंय? तू दौलत सांग. बाहेर त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. कानात पडतं ते खरं नाव, बाकीचं आधार कार्डावरचं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी बारशाला येत नाही. तुमचं तुम्ही करा."

माधव तसा हट्टी नव्हता. लहानपणी त्याच्या वाटणीचा लाडू नलूने खाल्ला तरी तो भांडत नसे, नुसता बघत बसे. आता तसाच बघत होता. त्याचं ते पडलेलं तोंड नलूआत्याला पाहवलं नाही आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बरं बाबा. दौलत सांगते. झालं?"

तो गेल्यावर ती कपाळाला हात लावून बसली. वरदला तिवसचा शब्द, माधवला दौलतचा. बाबांनी तिला दिलेलं नाव बाळाच्या कानात घालायची आयुष्यात ही एकच वेळ येणार होती, आणि तिथेच भावाला फसवायचं की त्या नावाला, हे ठरवायचं होतं. तिने स्वतःची समजूत घातली की दोन्ही नावं हळूच पुटपुटू. आधी बाबांनी दिलेलं, मग बाबांचं. पाळण्यातलं बोलणं पाळण्यात राहतं. बाळ काही कुणाला सांगायला जात नाही. तरी त्या आठवड्यात तिला नीट झोप लागली नाही, आणि मास्तरांच्या गाण्याला दाद द्यायचंही ती दोनदा विसरली.

बारसं दादरच्या एका हॉलमध्ये होतं. आत शिरताच नलूआत्याचे पाय थबकले. पाळण्यामागच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'तिन्ही लोकांत वसणारा'. त्याच्या एका बाजूला कापसाच्या ढगांचा स्वर्ग, मध्ये कागदी झाडांची पृथ्वी आणि खाली पाताळ म्हणून पुठ्ठ्याचा फणा काढलेला नाग. केकही तीन मजली, खालचा थर काळाकुट्ट. वैदेहीची आई सगळ्यांना समजावून सांगत होती की हा चॉकलेटचा थर म्हणजे पाताळ, लहान मुलांनी तो आधी मागायचा नाही. कँटीनच्या टेबलावरची थाप एवढी मोठी झालेली बघून नलूआत्याला आधी हसू फुटलं आणि मग घाम फुटला.

माधव आला होता. पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या झब्ब्यात, कुणाशी न बोलता बसला होता. बहिणीकडे बघून त्याने हळूच मान हलवली. शब्द दिला आहेस, असं त्या मानेत होतं. वरदनेही पाळण्याजवळून तिला अंगठा दाखवला. नलूआत्याने दोघांकडे बघून सारखंच हसून घेतलं.

बायका पाळण्याभोवती जमल्या. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवून झालं, कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या झालं, आणि सगळ्या नलूआत्याकडे बघू लागल्या. ती पदर खोचून वाकली. बाळ जागं होतं आणि पाळण्याला लावलेल्या झेंडूच्या माळेकडे टक लावून बघत होतं. तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि रीतीप्रमाणे आधी हळूच केलं, "कुर्रर्र."

सगळा हॉल दणाणला. भिंतीवरच्या दोन्ही स्पीकरांतून प्रचंड कुर्रर्र निघालं, पुठ्ठ्याचा नाग हलला, मागच्या रांगेतली दोन मुलं दचकून रडायला लागली. नलूआत्याने मान वर केली. झेंडूच्या माळेत नखाएवढा काळा माइक लपवलेला होता. व्हिडिओवाला धनेश कॅमेऱ्यामागून तिला खूण करत होता, चालू द्या आजी, चालू द्या.

"सरप्राइज, आत्या!" वैदेही टाळ्या वाजवत म्हणाली. "रीलसाठी! नाव सगळ्यांना एकदम ऐकू येणार!"

आयुष्यभरात तिने थापांच्या माळा लावल्या होत्या, पण कधी शंभर माणसांपुढे, स्पीकरवरून आणि एका वेळी दोन माणसांना तोंडघशी पाडून नव्हे. ती माधवकडे बघू लागली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता ही तिवस म्हणाली तर त्याची मागणी हवेत गेली, आणि दौलत म्हणाली तर वरद-वैदेहीची चारचौघांत शोभा. एखादी सोयीची थाप सुचावी म्हणून तिने वाट बघितली. एरवी न बोलावता येणाऱ्या थापा, आज एक आली नाही. मग तिने बाळाकडेच बघितलं आणि त्यालाच सांगायचं ठरवलं. बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकलं.

"हे बघ रे," ती म्हणाली आणि स्पीकरही म्हणाले. "तुझं नाव तिवस. ते तिन्ही लोक वगैरे मी ऑफिसात जेवताना जुळवलेलं आहे, ते मनावर घेऊ नकोस. तिवस म्हणजे लाकूड. साधं, चिवट. वाकतं, मोडत नाही. तुझे पणजोबा दौलतराव मला त्या नावाने हाक मारायचे. मला मूल झालं नाही, म्हणून मी ते माझ्या मैत्रिणीच्या मुलाला दिलं. आता तू घे. तुझ्या आईबापांनी ते आपणहून शोधून आणलंय, मी काही सांगितलं नव्हतं, देवाशपथ. आणि तुझ्या आजोबांना मी शब्द दिला होता की तुझ्या कानात गुपचूप दौलत म्हणेन. दौलत. म्हटलं. आता कुणाला काय रागवायचं ते रागवू दे, तू दूध पी."

सगळ्यांचे डोळे आधी सोनेरी अक्षरांवर गेले, मग नागावर, मग पहिल्या रांगेतल्या माधववर. वैदेहीच्या आईने केकच्या काळ्या थराकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "म्हणजे हे पाताळ नाही?" आणि वरदला हसू आवरेना. तो पाळण्याची दोरी धरून हसत सुटला. वैदेही मात्र हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते.

"आत्या, म्हणजे हे नाव तुमचं आहे?"

"होतं गं. आता त्याचं."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू किती खूश दिसत होतीस," नलूआत्या म्हणाली. वैदेहीने तिला मिठी मारली, आणि मिठीतूनच धनेशला ओरडून विचारलं, "घेतलंस ना सगळं?" त्याने अंगठा वर केला. मग बायकांना रीत आठवली आणि सगळ्या मिळून आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घालू लागल्या. तिन्ही लोकांचा खर्च केलेल्या विहीणबाईंचा धपाटा जरा जास्तच जोरात बसला.

एवढ्या गडबडीत पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी झाली होती. नलूआत्या पाठ चोळत शोधत शोधत मागच्या बाजूला गेली. हात धुवायच्या बेसिनजवळ, केकच्या रिकाम्या खोक्यांशेजारी माधव उभा होता. त्याला चारचौघांत उघडं पाडलं म्हणून तो आता काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं. तिने आधीच हात जोडले.

"माधव, माझं चुकलं रे. पण खोटंच सुचेना."

"मसणाबिसणाचं म्हणालो, ते काही नव्हतं, ताई," तो म्हणाला.

तिने जोडलेले हात खाली घेतले.

"बाबांनी अख्ख्या लालबागला लाकडांची नावं दिली. आपला दूधवाला आठवतो? त्याला खैर म्हणायचे. दूधवाल्याला! तुला तिवस. मला कधीच काही नाही. मी एकदा विचारलं होतं त्यांना, बाबा, मी कुठलं लाकूड? म्हणाले, बघू." त्याने नळ सोडला आणि उगाचच हात धुतले. "मग राहूनच गेलं. वाटलं, त्यांचंच नाव घरात आणलं तर निदान रोज कुणाला तरी त्या नावाने हाक मारता येईल."

नलूआत्याने त्याच्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं हा माणूस तिच्याशी याबद्दल एक शब्द बोलला नव्हता, आणि ती मात्र आपलं नाव कुणाकुणाला वाटत हिंडत होती.

"म्हणाले होते की," ती म्हणाली.

माधवने नळ बंद केला. "काय?"

"शिसव. तू बँकेत लागलास ना, त्या दिवशी. तू खाली पेढे वाटायला गेला होतास. मला म्हणाले, माधव आपला शिसव आहे. वाढतो सावकाश, पण पिढ्यान्पिढ्या टिकतो. आणि वर म्हणाले, त्याला सांगू नकोस, डोक्यात जाईल."

त्या दिवशी दौलतराव फक्त 'पेढे बरे आहेत' एवढंच म्हणाले होते. माधव बहिणीकडे बघत राहिला. जन्मापासून तो तिच्या थापा ऐकत आला होता, आणि ही त्यातलीच एक आहे हे त्याला कळलं. त्याला कळलं, हे तिलाही कळलं. आतून कुणीतरी केक कापायला हाका मारत होतं.

"शिसव," माधव स्वतःशीच म्हणाला. मग त्याने ओले हात झब्ब्याला पुसले आणि बेसिनला टेकून नीट उभा राहिला. "पुन्हा सांग. पहिल्यापासून. काय म्हणाले?"

नलूआत्याने पहिल्यापासून सांगितलं, आणि या खेपेला तिने बाबांच्या डोळ्यांत पाणीही आणलं.